बंड्या घरात शहाणा, क्लासमध्ये बहिरा

सप्रेम नमस्कार. आमचा बंड्या दहा महिन्यांचा, मिश्र जातीचा. घरात 'बस', 'थांब', 'ये' सगळं ऐकतो, म्हणून हौसेनं दर रविवारच्या ग्रुप क्लासला त्याचं नाव घातलं. पण तिथे पाऊल ठेवलं की हा कुणी वेगळाच कुत्रा होतो. मान सारखी भिरभिरते, दुसरी कुत्री दिसली की दोरी ताणून उभा राहतो, मध्येच जमीन हुंगत बसतो, जांभया देतो. मी हाका मारून थकते, पण हा ढुंकून बघत नाही. घरी ज्या बिस्किटासाठी जीव टाकतो ते तिथे तोंडातही धरत नाही. सगळ्यात झोंबतं ते हे, की ट्रेनर सरांनी दोरी हातात घेतली की हाच पठ्ठ्या पटकन बसतो! बाकीच्यांची कुत्री ओळीत आणि आम्ही कोपऱ्यात. आठपैकी तीन क्लास झालेत, शेवटच्या दिवशी परीक्षा आणि सर्टिफिकेट आहे. शेजारचे म्हणतात, चोक चेन घाला, दोन दिवसांत सरळ होईल. आमचे हे म्हणतात, खाऊची लाच देऊन तूच बिघडवलंस. क्लास सोडू का?
– बंड्याची आई

बंड्याच्या आई, नमस्कार.

क्लास सोडू नका. पण क्लासमध्ये जाऊन सध्या जे करताय ते सोडा. ओळीत उभं राहायचा हट्ट, इतरांच्या बरोबरीनं प्रत्येक धडा पुरा करायची धडपड आणि त्या हाका, हे सगळं आता बंद. उरलेल्या पाच रविवारी एवढंच साधायचं, की आजूबाजूला कुत्री असताना बंड्यानं आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघावं. 'बस', 'झोप', पायाशी चालणं या गोष्टी त्याच्यानंतरच्या. ते बघणं आलं की त्या भराभर येतात, आणि ते नसेल तर कितीही डोकं आपटा, येत नाहीत.

आधी 'घरी सगळं ऐकतो' याबद्दल बोलू. उद्या घरी एक गंमत करून बघा. नेहमी जिथे उभं राहून 'बस' म्हणता तिथेच त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहा, हात मागे बांधा आणि नेहमीच्याच आवाजात 'बस' म्हणा. मग खाली मांडी घालून बसा आणि पुन्हा म्हणा. मग जिन्यात जाऊन म्हणा. बरीचशी कुत्री पहिल्याच फेरीत गोंधळतात. डोकं तिरकं करतात, जवळ येऊन तोंड हुंगतात, नाहीतर सरळ निघून जातात. कारण बंड्या नुसता शब्द शिकलेला नाही. तुमचा चेहरा समोर, उजवा हात किंचित वर, मघाशी उघडलेला डबा, पायाखालची ओळखीची फरशी, हे सगळं मिळून त्याच्या डोक्यात 'बस' तयार झालंय. एका जागी शिकलेलं दुसरीकडे लागू करणं माणसांना जितकं सहज जमतं तितकं कुत्र्यांना जमत नाही. क्लासच्या मैदानात यातली एकही खूण जागेवर नसते. तेव्हा घरचं शिकलेलं त्यानं मोडीत काढलं असं समजू नका. ते तिथपर्यंत पोचलेलंच नाही.

शिवाय ती जागा त्याच्या बाजूनं बघा. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० कोटींच्या वर असतात असं मानलं जातं, आपल्या नाकात साधारण ५० ते ६० लाख. तुम्हाला जिथे मोकळी जमीन दिसते तिथे बंड्याला गेल्या आठवड्यात येऊन गेलेलं प्रत्येक कुत्रं 'दिसतं'. कोण नर, कोण मादी, कोण घाबरलेलं होतं, सगळं. त्यात समोर सात-आठ जिवंत कुत्री, अनोळखी माणसं, कुणाची तरी शिट्टी, कुणाचं तरी भुंकणं. पोराला सर्कशीच्या तंबूत बसवून पाढे म्हणायला लावलं आणि चुकला म्हणून रागावलं, तर तुम्ही त्या आईबापांना काय म्हणाल?

पत्रात दोन गोष्टी तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाच्या त्याच. एक, तो जांभया देतो. दोन, आवडतं बिस्किट घेत नाही. जांभयांचा अर्थ तुम्ही कंटाळा असा लावलेला दिसतो. पण झोप आलेली नसताना आलेली जांभई, सारखी नाकावरून फिरणारी जीभ, कोरडंच अंग झटकणं, मध्येच बसून खाजवणं, आणि कुणी जवळ आलं की एकदम जमिनीत नाक खुपसणं या बहुतेक वेळा ताण आल्याच्या खुणा असतात. आणि भूक असूनही कुत्रं आवडीचं खाणं नाकारतं ते डोक्यात इतकी गर्दी झालेली असताना की पोटाची आठवणच राहत नाही. बंड्याला तिथलं झेपत नाहीये, असा माझा अंदाज आहे. अशा वेळी शिकवणं शक्यच नसतं, मग शिकवणारा कितीही वाकबगार असो.

खात्री करून घ्यायची असेल तर येत्या रविवारी कुणाला तरी बरोबर न्या आणि मोबाइलवर दहा मिनिटांचं शूटिंग करून घ्या. घरी आवाज बंद करून बघा. शेपूट वर, कान पुढे, तोंड घट्ट मिटलेलं, सगळा भार पुढच्या पायांवर असेल तर तो उतावीळ झालाय. त्याला त्या कुत्र्यांकडे जायचंय. शेपूट खाली, कान मागे सपाट, भार मागच्या पायांवर, डोळ्यांची पांढरी कड दिसतेय, तर तो बिचकलाय. या वयात दोन्ही मिनिटामिनिटाला आलटून पालटून दिसू शकतं. उपाय मात्र दोन्हींवर सुरुवातीला सारखाच आहे, आणि तो म्हणजे अंतर.

अंतराबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. त्याच्या पलीकडे दुसरं कुत्रं असेल तर ते त्याला बघूनही तुमच्याशी बोलत राहू शकतं, अलीकडे आलं की संपलं. हे अंतर शोधायला खाऊसारखा काटा नाही. ओळीपासून वीस-पंचवीस मीटर लांब उभ्या राहा आणि बंड्यापुढे एक तुकडा धरा. ओठांनी अलगद घेतला तर जागा बरोबर. बोटांना दात लागतील अशा झडपेनं ओढला तर तुम्ही काठावर आहात, अजून चार पावलं मागे जा. हुंगून सोडला किंवा हुंगलाही नाही, तर फारच जवळ आहात. इतकं साधं आहे. हे अंतर रोज बदलतं. पाऊस पडून गेला असेल, रात्री झोप झाली नसेल, किंवा समोर एखादं भुंकरं कुत्रं असेल तर कालचे पंधरा मीटर आज तीस होतात. म्हणून मीटर पाठ करू नका, दर वेळी खाऊला विचारा.

तेव्हा सरांनी दिलेला कोपरा ही शिक्षा समजू नका. माझ्या मते त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत. फक्त तो कोपरा अजून पुरेसा लांब नसावा. क्लासच्या आधी, कुत्रं हातात नसताना, त्यांना फोन करा आणि सरळ सांगा, "सर, पुढचे दोन क्लास मी बाहेरूनच करते. तुम्ही काय शिकवताय ते ऐकते, आणि त्यातलं जे जमेल तेवढंच करते." जागा बंदिस्त असेल तर दाराबाहेर बसायची परवानगी मागा. मोकळं मैदान असेल तर मधे एखादी उभी गाडी किंवा चादर टाकलेल्या दोन खुर्च्या असा आडोसा घ्या. आडोशाआडून बाहेर यायचं, दोन सेकंद बघायचं, परत आडोशाला जायचं. चाळीस मिनिटं समोरासमोर उभं राहण्यापेक्षा बंड्याला यातून कितीतरी जास्त मिळेल. चांगला ट्रेनर याला नाही म्हणत नाही. म्हणालाच, तर त्यावर पुढे बोलू.

जायची वेळही बदला. सगळी कुत्री एका वेळी दारातून आत शिरतात ती पाच मिनिटं सगळ्यात वाईट. तुम्ही वीस मिनिटं आधी पोचा, बंड्याला लांब दोरीवर मैदानाची कड मनसोक्त हुंगू द्या, शू-शी उरकू द्या. हा वेळ वाया गेला असं वाटू देऊ नका. नव्या जागेची नाकानं मोजणी झाल्याशिवाय कुत्र्याला दुसरं काही सुचत नाही, आणि ती आधी झाली तर धड्याच्या मध्ये होत नाही. इतर यायला लागले की बाजूला व्हा, सगळ्यांत शेवटी तुमच्या जागेवर या, आणि वर्ग सुटायच्या पाच मिनिटं आधी निघा. अर्ध्या तासातच तो थकलेला दिसला तर अर्ध्या तासात निघा. पैसे पूर्ण तासाचे भरलेत हे बंड्याला माहीत नसतं.

आता तिथे उभं राहून करायचं काय? अगदी थोडं. दोरी सैल धरा. इतकी सैल की मधे झोळ दिसला पाहिजे. गप्प राहा. त्याला बघायचं तेवढं बघू द्या. जागा बरोबर असेल तर काही सेकंदांत तो स्वतःहून मान तुमच्याकडे वळवेल, नुसता एक कान वळवेल, नाहीतर दोरीच्या दिशेनं वजन मागे घेईल. नेमक्या त्या क्षणी एक ठरावीक शब्द, 'हं!' किंवा 'येस!', दर वेळी तोच आणि त्याच सुरात, आणि लगेच खाऊ तुमच्या पायाशी. शब्द आधी, हात नंतर. शब्दाला एक सेकंद जरी उशीर झाला तरी तोवर त्यानं पुन्हा समोर बघितलेलं असतं आणि तुम्ही समोर बघायचं बक्षीस देऊन बसता. ही वेळ साधायला हात बसावा लागतो, म्हणून आधी घरी, कुत्रं नसताना, सराव करा. कुणाला तरी चेंडू टप्पा खेळवायला सांगा आणि चेंडू जमिनीला लागेल त्याच क्षणी तो शब्द म्हणा. हसाल, पण दोन दिवसांत फरक कळेल.

पहिल्या क्लासला हे दर तीन-चार सेकंदांनी होऊ द्या. हो, इतक्या वेळा. तुकडा हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढा असला की पोट बिघडत नाही, आणि त्या दिवशीच्या जेवणातून तेवढं कमी करायचं. बिस्किट मात्र घरी ठेवा. ते घरातलं चलन आहे, बाहेर चालत नाही. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, चीजचा कण, जे ओलं, वासाचं आणि एरवी कधी न मिळणारं असेल ते न्या. ते फक्त तिथेच मिळालं पाहिजे. कमरेला पिशवी बांधा. ओढणीच्या गाठीतून नाहीतर खिशातून काढत बसाल तर वेळ चुकते.

हे जमायला लागलं की पुढची पायरी. लांबचं कुत्रं दिसलं आणि बंड्यानं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं, की पाहताक्षणीच 'येस' म्हणायचं. तो खाऊसाठी वळेल. असं बऱ्याचदा झालं की त्याच्या डोक्यात दुसरं कुत्रं दिसणं हीच तुमच्याकडे वळायची खूण होते. मग एके दिवशी तो समोर बघेल आणि तुम्ही शब्द काढायच्या आतच 'दिसलं मला, आण खाऊ' अशा चेहऱ्यानं तुमच्याकडे बघेल. ते झालं की दोन पावलं पुढे. सरळ रेषेत जाऊ नका, वळण घेत, कुत्र्यांकडे बाजू करून जा. कुत्री एकमेकांकडे नाकासमोर सरळ चालून जात नाहीत, गेली तर तो उद्धटपणा असतो.

नावाचं राहिलं. कुत्रं वळणार नाही अशी जेव्हा तुम्हालाच खात्री असते तेव्हा नाव घ्यायचंच नाही. 'बंड्या, बंड्या, ए बंड्या, बंड्याऽ' असं पाच वेळा झालं आणि पाचही वेळा काही घडलं नाही, की नाव म्हणजे रस्त्यावरच्या हॉर्नसारखा एक आवाज होऊन बसतो. सध्या क्लासमध्ये नाव बंद. घरात मात्र दिवसातून काही वेळा, तो रिकामा असताना, एकदाच नाव घ्या, वळला की खाऊ. दोन-तीन आठवड्यांत नावाला पुन्हा धार येते. एकदा हाक मारून वळला नाही तर दुसरी हाक मारायची नाही. जवळ जायचं, किंवा त्याला घेऊन अंतर वाढवायचं.

ट्रेनरच्या हातात गेला की बसतो, हे वाचून मला हसू आलं, कारण ही तक्रार दहा महिन्यांच्या कुत्र्याच्या जवळजवळ प्रत्येक घरातून येते. यावर अभ्याससुद्धा झालाय. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, आठ महिन्यांची पिल्लं पाच महिन्यांची असताना जेवढं ऐकायची त्यापेक्षा आपल्या सांभाळणाऱ्या माणसाचं 'बस' कमी ऐकत होती. अनोळखी माणसाचं मात्र व्यवस्थित ऐकत होती. ही बंडखोरी फक्त घरच्यांसाठी असते. म्हणजे तुमचं नातं बिघडलेलं नाही. बंड्या वयात येतोय. शिवाय सरांचा हात बसलेला आहे, त्यांची दोरी सैल असते, ते एकदाच बोलतात आणि ते नवे आहेत. पुढच्या वेळी त्यांनी दोरी घेतली की बंड्याकडे बघू नका, सरांच्या हातांकडे बघा. झोंबायचं थांबेल आणि शिकायला मिळेल.

आता तुमच्या 'ह्यां'ची लाच. त्यांचं म्हणणं साफ खोटं नाही, म्हणून ते नीट ऐकून घ्या. तुकडा आधी नाकासमोर नाचवून मग 'बस' म्हटलं तर ती लाचच होते, आणि मग कुत्रं हात रिकामा दिसला की काम करत नाही. काम झाल्यावर, आधी न दाखवलेला खाऊ कुठून तरी येतो, तेव्हा तो पगार होतो. तेव्हा हात पिशवीपासून लांब ठेवा, शब्द म्हणा आणि मगच पिशवीत घाला. पण सगळा पगार खाऊतच द्यावा असंही नाही. डेव्हिड प्रिमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली मांडलेला एक नियम आहे. जे करायला मनापासून आवडतं ते, जे कमी आवडतं त्याचं बक्षीस म्हणून वापरता येतं. बंड्याला हुंगायला आवडतं ना? मग तो तुमच्याकडे वळला की 'जा, हुंग' म्हणा आणि त्याच्याबरोबर गवतापर्यंत चालत जा. ज्याच्याशी तुम्ही तीन रविवार भांडत होतात तेच तुमच्या बाजूनं लढायला लागतं. मला विचाराल तर चिकनपेक्षा हे बक्षीस उजवं, कारण ते संपत नाही आणि हुंगताना कुत्रं शांतही होतं.

चोक चेन नको. यात माझ्याकडून मधला मार्ग मिळणार नाही. झटका बसल्यावर कुत्रं दोन मिनिटं गप्प बसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, सरळ झालं. पण बंड्याच्या बाजूनं घडतं ते असं, की दुसरं कुत्रं दिसलं आणि गळा आवळला. पुन्हा दिसलं, पुन्हा आवळला. आज जो उतावीळ आहे तो काही महिन्यांत कुत्री दिसली की गुरगुरायला लागतो, आणि लोक म्हणतात, अचानक कसा बिघडला. पोर्तुगालमध्ये वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. धाक आणि झटके वापरणाऱ्या शाळांतली कुत्री क्लासमध्ये जास्त जांभया देत होती, जास्त ओठ चाटत होती, आणि क्लासनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त सापडलं. तुमचा कुत्रा जांभया आधीच देतोय. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेनंही २०२१ साली जाहीर भूमिका घेतली, की सर्व कुत्र्यांना बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीनंच शिकवावं. शेजाऱ्यांना हे सगळं ऐकवायची गरज नाही. 'बघते' म्हणा आणि विषय बदला.

साधन हवंच असेल तर छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. ओढला की कुत्रं आपोआप बाजूला वळतं, गळ्यावर भार येत नाही. दोरी साधी, पावणेदोन ते दोन मीटरची. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी क्लासला आणू नका, ती सतत ताणलेली असते, म्हणजे ताणलेल्या दोरीतच चालायची सवय लागते. आणि दोरी ताणलेली असताना दोन कुत्र्यांची नाकं एकमेकांना भिडवू देऊ नका. कुणी हसत हसत 'अहो, आमचा काही करत नाही' म्हणत जवळ आणलं तर सरळ सांगा, "आमचं काम चाललंय, नंतर." क्लासमध्ये भेटीगाठी होतात हे एकदा कळलं की कुत्रं दर रविवारी त्यासाठीच येतं.

घरच्या सरावाबद्दल थोडं. रोज तास-तास घेऊ नका. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ४४ बीगल कुत्र्यांना टोपलीत जाऊन बसून राहायला शिकवलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी धड्यांत शिकली, आणि लांबलेल्या धड्यांपेक्षा छोटे धडे सरस ठरले. तेव्हा तीन-चार मिनिटं, मग थांबा. क्लासच्या दुसऱ्या दिवशी काहीच नको, झोपू द्या.

तीच टोपलीची युक्ती तुम्ही एका जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर करा. सतरंजी अंथरली, बंड्याचा पाय लागला की खाऊ सतरंजीवरच टाकायचा, हातात द्यायचा नाही. बसला की अजून. आडवा होऊन एका कुल्ल्यावर कलला, म्हणजे मागचे पाय एका बाजूला गेले, की सावकाश, एकामागून एक. कललेलं कुत्रं सैलावलेलं असतं, उडी मारायच्या तयारीत नसतं. आधी घरात, मग जिन्यात, मग दाराबाहेर, मग एखाद्या निवांत मैदानाच्या कडेला, आणि शेवटी क्लासमध्ये. सतरंजी धुऊ मात्र नका. तिला घरचा वास हवा. अनोळखी जागेत ती त्याच्यासाठी ओळखीची दोन हात जमीन असते.

क्लास बदलावा असं मी कधी म्हणेन? सर लांब उभं राहू देत नसतील, चुकलं की दोरीला झटका द्यायला लावत असतील, घाबरलेल्या कुत्र्याला 'सवय होईल' म्हणून गर्दीच्या मधोमध ओढत असतील, किंवा जागा इतकी लहान असेल की दोन कुत्र्यांमध्ये जेमतेम हातभर अंतर राहतं, तर पैसे गेले असं समजा आणि निघा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. आणि दोन-तीन क्लास लांबून करूनही बंड्या खाऊला तोंड लावत नसेल, किंवा कुत्र्यांवर भुंकत झेपावत असेल, तर ग्रुप थांबवून काही दिवस एकट्याचा ट्रेनर बघा. त्याआधी एकदा पशुवैद्याकडे कान, दात आणि मागचे पाय तपासून घ्या. दुखऱ्या खुब्यामुळे 'बस' न करणारी कुत्री हट्टी ठरवली जातात, हे आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं.

परीक्षेचं सांगते. शेवटच्या रविवारी बंड्याला परीक्षेला बसवू नका. पाच आठवड्यांत तो ओळीपर्यंत पोचेलच असं नाही, आणि सर्टिफिकेटच्या आशेनं तुम्ही त्याला त्याच्या अंतराच्या आत ओढाल, म्हणजे कमावलेलं तिथेच गमवाल. सरांना आत्ताच विचारून ठेवा की पुढच्या बॅचबरोबर परीक्षा देता येईल का. बरेच जण आनंदानं हो म्हणतात. त्या दिवशी जा मात्र नक्की. सतरंजी घ्या, चिकन घ्या, मैदानाच्या कडेला बसा आणि बाकीच्यांची परीक्षा दोघं मिळून बघा. टाळ्या वाजतील, कुत्री भुंकतील, तेव्हा खाऊ जरा जास्तच न्या.